हातात कसब आहे, दाखला कुठे आहे?

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि बार्शी टेक्सटाइल मिलची चाके थांबली. वर्षानुवर्षे यंत्राशी झटलेली माणसे घरी बसली. नुसत्या आवाजावरून यंत्राचा बिघाड ओळखणारा कामगार नव्या दारात गेला की बिगारी ठरतो. कारण 'याला हे काम येते' असे सांगणारा कागद त्याच्याजवळ नसतो.

कसब म्हणजे काय, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. गिरण्यांच्या विणखात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या बापजाद्यांना शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. त्याला अस्पृश्याचा ओठ लागला तर विटाळ! 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी हे उघडपणे मांडले. रेल्वेतला आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, हेही सांगितले. पुढे 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगारांचे तांत्रिक प्रशिक्षण आणि सेवायोजन कार्यालये यांच्यामागे त्यांनी आपले बळ उभे केले.

आज बार्शीत शासकीय आय.टी.आय. आहे. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर व इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. मुलांसाठी हे ठीक. पण ज्याच्या रोजावर चूल पेटते त्याने दोन वर्षे वर्गात कसे बसावे? आमच्या मते ही अडचण खरी आहे, तिला आळस म्हणू नये. अशा अनुभवी कामगारांना खासगी उमेदवार म्हणून व्यवसाय परीक्षेला बसण्याची सोय आहे. त्यासाठी कामाच्या अनुभवाचा दाखला लागतो. म्हणून मालकाकडून तो आजच, नोकरी चालू असतानाच, लिहून घ्यावा. कारखान्याला टाळे लागल्यावर सही कोण देणार?

2023 साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतही प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत आहे. गवंडीकाम करणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. मात्र तिच्यातले अठरा धंदे बहुतेक बलुतेदारीचेच. बापाचाच धंदा पोराच्या गळ्यात पडत असेल, तर आम्ही पोराला इलेक्ट्रिशियनच्या वर्गाकडे पाठवू.

दहावीच्या निकालानंतर प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात. जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. विहारात रविवारी वंदनेनंतर शिकलेल्या मुला-मुलींनी तासभर बसून वस्तीतल्यांचे अर्ज भरून द्यावेत. मिलमधून घरी बसलेल्या काकांना पहिल्या रांगेत बसवावे.