सहभाग-प्रेरणा

सामूहिक कार्यात सभासदांनी नाममात्र नव्हे, तर श्रम, विचार व जबाबदारी यांसह भाग घ्यावा, या हेतूने योजिलेल्या लाभ, हक्क, मान व बंधने यांच्या व्यवस्थेस सहभाग-प्रेरणा म्हणतात. कार्याचे फळ श्रम न करणाऱ्यासही मिळत असल्यास प्रत्येकजण दुसऱ्याच्या श्रमावर विसंबतो, ही अडचण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी १९६५ मध्ये विशद केली. ज्यांना नियम पाळावयाचे त्यांचाच ते करण्यात वाटा असल्यास आणि श्रम व लाभ यांचे प्रमाण राखल्यास सामाईक साधने टिकतात, असे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये दाखविले.

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागांत या प्रेरणेचे दोन प्रकार आढळतात. पहिला स्पर्धेचा होय. सांगली जिल्ह्यातील आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्यात पारितोषिक व्यक्तीस नव्हे, तर गावास मिळे. पानी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या काळात जलसंधारणाची स्पर्धा घेतली. तीत कोरेगाव तालुक्यातील वेळू (२०१६) व माण तालुक्यातील टाकेवाडी (२०१८) या सातारा जिल्ह्यातील गावांनी पहिला क्रमांक मिळविला. स्पर्धेमुळे अल्पावधीत मोठे श्रमदान घडते. तथापि मुदत संपल्यावर प्रेरणा ओसरण्याचा संभव असतो. शिवाय अडविलेल्या पाण्याचा लाभ मुख्यतः विहिरीच्या मालकास होत असेल, तर भूमिहीनाने खोदावे कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

दुसरा प्रकार हक्काचा. खानापूर तालुक्यात (जि. सांगली) येरळा नदीवरील बळीराजा धरण १९८० नंतरच्या दशकात मुक्तिसंघर्ष चळवळीच्या पुढाकाराने लोकांनी उभारले. नदीतील वाळूची मर्यादित विक्री व हितचिंतकांचे साहाय्य यांतून पैसा जमविण्यात आला. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीवरून न ठरविता कुटुंबागणिक ठरविण्यात आला व भूमिहीनांनाही तो देण्यात आला. त्यामुळे श्रमणाऱ्या प्रत्येकाचे हित धरणाशी जोडले गेले.

संगणकजाळ्यावरील ब्लॉकचेन समुदायांपुढेही हाच प्रश्न आहे. बिटकॉइनमध्ये (२००९ पासून) नोंदींचा नवा गट जोडणाऱ्यास नवी नाणी मिळतात. प्रारंभी ती ५० होती व दर २,१०,००० गटांनंतर निम्मी होतात. हे काम यंत्राने पडताळता येते. चर्चा व निर्णय यांचे मोल मात्र असे मोजता येत नाही. केवळ मतांची वा संदेशांची संख्या मोजून बक्षीस दिल्यास एकच व्यक्ती अनेक नावांनी वावरू शकते. नाण्यांच्या प्रमाणात मते दिल्यास मोठ्या धारकांचे वर्चस्व होते. सहकारी संस्थांत भाग कितीही असले, तरी एका सभासदास एकच मत असते. परंतु त्यासाठी सभासदाची ओळख निश्चित असावी लागते. म्हणून प्रेरणेची आखणी करताना काय मोजावे, याबरोबरच लाभाचा हक्क कोणास द्यावा, हे आधी ठरविणे आवश्यक ठरते.