राखीव प्रतीवरून पुनःस्थापना

पेढ्या व कचेऱ्या यांच्या नोंदी हल्लीं बहुधा ‘क्लाउड’वर, म्हणजे दूर कोठें तरी भाड्यानें घेतलेल्या संगणकांवर असतात. मेघांशीं संबंध नांवापुरताच! अनेक संगणक मिळून एक डेटाबेस सांभाळूं लागले म्हणजे त्या समूहास ‘क्लस्टर’ म्हणतात. मुख्य यंत्रांत लिहिलेली नोंद इतर यंत्रांत लागलीच उतरते. एक बंद पडलें तर दुसरें त्याची जागा घेतें. परंतु चुकून नोंद खोडली गेली, तर ती खोडाखोडही तितक्याच तत्परतेनें सर्वत्र पोहोंचते. म्हणून ‘बॅकअप’, म्हणजे राखीव प्रत, निराळी ठेवावी लागते.

तिचा उपयोग जुन्या पेढीच्या उदाहरणानें समजेल. मध्यरात्रीं खतावणीची नक्कल करून ती दुसरीकडे ठेवली व पुढची रोजकीर्द जपली, तर खतावणी जळाली तरी नक्कल समोर घेऊन कीर्दींतील कलमें क्रमानें चढवितां येतात. चूक तीन वाजतां झाली असेल, तर तत्पूर्वींच्या कलमावर थांबावें. डेटाबेसचेंही असेंच आहे. मात्र हें काम शक्यतों नव्या क्लस्टरवर करावें व नोंदी तपासून मगच व्यवहार तिकडे वळवावा. जुना क्लस्टर पडताळ्यास उपयोगी पडतो.

‘गिटलॅब’ कंपनीचा प्रसंग पाहा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं दुय्यम यंत्रावरील माहिती पुसण्याची आज्ञा एका अभियंत्याकडून मुख्य यंत्रास गेली. एक-दोन सेकंदांत तें ध्यानीं आलें, पण सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं ४.५ च उरले. रोजच्या प्रतीचें कोठार उघडलें, तों तें रिकामें! प्रत घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ चा, तो प्रत्येक वेळीं अपयशी होई, आणि तें कळविणारे ईमेल टपाल-यंत्रणा नाकारी. पहारेकरी मुका असल्याचा पत्ता चोरी झाल्यावर लागला. कोणी एकदां तरी ती प्रत उतरवून पाहिली असती, तर हें आधींच उघड झालें असतें.

तारलें तें चाचणीसाठीं सहा तासांपूर्वीं सहज घेतलेल्या एका प्रतीनें. ती मंद डिस्कवर असल्यामुळें पुनःस्थापनेस सुमारें १८ तास लागले. लोकांचे प्रोग्राम निराळ्या जागीं असल्यानें वांचले; परंतु कीर्द निराळी जपण्याची व्यवस्था तेथें नव्हती. त्यामुळें मधल्या सहा तासांतील सुमारें ५००० प्रकल्पांच्या नोंदी, तितकेच अभिप्राय व ७०० नवीं खातीं परत आलीं नाहींत.