बोगनवेल बोन्साय : छाटणी आणि तार कधी, कशी?

बांधावर, फाटकावर किंवा विहिरीच्या कडेला वाढणारी बोगनवेल आपण कुंपणाचे झाड म्हणून ओळखतो. कडक ऊन सोसणे, कमी पाण्यात तग धरणे आणि छाटले की जोमाने फुटणे या गुणांमुळे ती हौशी बोन्सायसाठीही उत्तम ठरते. मात्र ‘झाडाचा आकार चांगला आला, पण फुले येत नाहीत’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अशा वेळी खत वाढवण्याआधी छाटणीची वेळ तपासावी. बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

फूल नेमके कुठे येते?

बोगनवेलीत आपल्याला रंगीत दिसतात ती फुले नसून फुलाभोवतीची पाने असतात. खरे फूल म्हणजे त्यांच्या मधली बारीक, पांढरट नळी. ही फुले नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येतात. काटाही त्याच जागी येतो. काटा आणि फुलोरा ही एकाच अवयवाची दोन रूपे आहेत. पाणी आणि नत्र भरपूर मिळून फूट जोमात असेल तर काटे वाढतात. दिवस लहान, ऊन चांगले आणि पाणी बेताचे असेल तर त्याच जागी फुलोरा निघतो.

म्हणजे प्रत्येक वेळी शेंडा कापताना तुम्ही येणारी फुलेही कापत असता. म्हणून वर्षाचे दोन भाग करावेत. पावसाळा आकारासाठी आणि हिवाळा-उन्हाळा फुलांसाठी.

मुख्य छाटणी : जून

उन्हाळी बहर संपून पहिला पाऊस झाला की मुख्य छाटणी करावी.

- आधी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि सरळ वर जाणाऱ्या फांद्या काढाव्यात.
- एकाच ठिकाणाहून अनेक फांद्या निघाल्या असतील तर एक-दोनच ठेवाव्यात, नाहीतर तिथे गाठ फुगते.
- राखलेल्या फांद्यांवर दोन-तीन डोळे ठेवून, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर कापावे. नवी फूट त्या डोळ्याच्या दिशेने जाते.
- जाड फांदी खोडालगत एकदम कापू नये. बोगनवेलीचे लाकूड मऊ असते आणि काप मागे वाळत जातो. साधारण एक सेंटिमीटर खुंट ठेवावा. तो पूर्ण वाळल्यावर साफ करावा.
- पेन्सिलीपेक्षा जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. पावसाचे पाणी कापातून आत मुरले की खोड कुजते आणि अनेक वर्षांची मेहनत वाया जाते.

सिकेटर धारदार आणि स्वच्छ असावे. काट्यांपासून बचावासाठी जाड हातमोजे घालावेत.

तार लावणे : जुलैअखेर ते ऑगस्ट

छाटणीनंतर आलेली फूट हिरवेपणा सोडून अर्धवट कडक होऊ लागली की तार लावावी. अगदी कोवळी फूट सोलली जाते, तर जुनी फांदी काडकन मोडते.

1. तार लावण्याच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नये. ताठरपणा कमी झाला की फांदी सहज वळते.
2. ॲल्युमिनिअमची मऊ तार घ्यावी. तिची जाडी फांदीच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश असावी आणि लांबी फांदीच्या दीडपट.
3. तारेच्या वाटेत येणारे काटे कात्रीने कापावेत.
4. तारेचे एक टोक खोडाला वेढा देऊन पक्के करावे. शक्य असल्यास एकच तार जवळच्या दोन फांद्यांना लावावी, म्हणजे ती सरकत नाही.
5. बुंध्याकडून शेंड्याकडे सुमारे 45 अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी गुंडाळावी. पाने आणि डोळे तारेखाली दाबू नयेत.
6. दोन्ही अंगठ्यांचा आधार देऊन फांदी हळूहळू वाकवावी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला तारेचा वेढा असावा. फांदी तिथेच तडकते.

जाड फांदीला तार लावू नये. तिच्याखाली रबराचा तुकडा ठेवून सुतळीने ती कुंडीच्या कडेकडे ओढून बांधावी आणि दर काही दिवसांनी ताण थोडा वाढवावा.

पावसाळ्यात वाढ वेगाने होते, म्हणून दर आठवड्याला तार तपासावी. साल तारेभोवती फुगू लागली की तार लगेच काढावी. साल रुतल्याचे व्रण वर्षानुवर्षे दिसतात. तार उलगडू नये, कटरने वेढ्यावेढ्याने कापून काढावी. फांदी परत सरळ झाली तर जुन्या जागा टाळून पुन्हा तार लावावी.

सप्टेंबरअखेर शेवटचा हात

आकाराबाहेर गेलेले शेंडे या काळात शेवटचे खुडावेत. त्यानंतर बहर संपेपर्यंत कात्री बाजूला ठेवावी. फांद्या थोड्या लांबल्या तरी चालतील, फुले त्यांच्यावरच येणार आहेत.

ऑक्टोबरपासून पुढील काळजी घ्यावी.

- रोज किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा द्यावी.
- युरियासारखी नत्रयुक्त खते बंद करावीत.
- पाने किंचित मलूल झाली की कुंडीच्या तळातून निघेपर्यंत पाणी द्यावे. रोज थोडे थोडे पाणी देऊ नये.
- उथळ कुंडी लवकर सुकते. एप्रिल-मे महिन्यांत हा ताण देऊ नये, त्या काळात रोज ओल तपासावी.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

महागडे तयार झाड घेण्याची गरज नाही. कुंपणाच्या छाटणीतील अंगठ्याएवढ्या जाडीचा तुकडा पावसाळ्याच्या सुरुवातीला निचऱ्याच्या मातीत लावला तर तो बहुधा रुजतो. पहिले वर्ष त्याला मोकळे वाढू द्यावे. छाटणी आणि तार दुसऱ्या जूनपासून सुरू करावी. बोगनवेलीची मुळे नाजूक असल्याने कुंडी बदलताना मातीचा गोळा शक्यतो फोडू नये आणि त्याच महिन्यात तार लावू नये. झाडाला एका वेळी एकच धक्का द्यावा.