कुकूचा भाता

जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधला घड्याळांचा रस्ता 320 किलोमीटरचा आहे. फिलिंगेन-श्वेनिंगेन, फुर्टवांगेन, ट्रिबेर्ग, श्रामबेर्ग अशी घड्याळांची गावं तो जोडत जातो. 320 हा आकडा तिथे जो तो अभिमानाने सांगतो. मी गेले ते मात्र एका आवाजापायी. इथल्या कुकू घड्याळातला लाकडी पक्षी 'कु-कू' करतो, तो कसा?

उत्तर शोनाखच्या एका छोट्या कारखान्यात मिळालं. पक्षी नुसता डोलतो. गातात त्या आतल्या दोन शिट्ट्या, एक उंच स्वराची, दुसरी खालच्या. दोन्हींवर एकेक भाता, आपल्या पेटीच्या भात्याचं जणू तान्हं पिल्लू. तार भात्याचं झाकण उचलते आणि सोडते. ते आपल्या वजनाने खाली येतं आणि हवा शिट्टीत शिरते.

खिडकीपाशी एक आजी हे भाते चिकटवत होत्या. सरसाचा आणि ताज्या भुशाचा वास खोलीभर होता. अंगठ्याच्या नखाने घडी दाबायची, शिट्टी ओठांना लावून फुंकायची, ऐकायचं, मनासारखं नसेल तर पुन्हा घडी. आपला कोकिळ स्वर चढवत नेतो, हा पक्षी उतरतो. तो उतार नीट लागेपर्यंत आजींनी मान वर केली नाही.

बर्फात शेती बंद आणि लाकूड दारातच, म्हणून इथले शेतकरी घड्याळं करू लागले. फेरीवाल्यांनी ती पाठीवरून देशोदेशी नेली. 1850 मध्ये फुर्टवांगेनला घड्याळांची शाळा निघाली. तिचे संचालक रॉबर्ट गेर्विग यांनी नव्या रचना मागवल्या, तेव्हा फ्रीडरिश आयझेनलोर या वास्तुकाराने रेल्वेच्या चौकीदाराच्या घराचा आकार सुचवला. आजचं कुकू घड्याळ त्यातूनच आलं. पुढे मोठे कारखानेही आले. श्रामबेर्गचा 1861 चा युंगहान्स त्यांतला सर्वांत नावाजलेला.

रस्ता सुंदर आहे, पण 320 किलोमीटर गाडीच्या काचेतून पाहून या कामातलं काहीच कळत नाही. त्यात दुकानांतून क्वार्ट्झची घड्याळं सर्रास मिळतात: आवाज चिपमधला, वजनं शोभेची. आजींच्या कामाशी त्यांची बरोबरी होऊच शकत नाही.

तिकडे गेलात तर गाडी थांबवा, एखाद्या कारखान्यात शिरा. घड्याळ घ्यायचंच असेल, तर साखळी ओढून चालणारं, यांत्रिक घड्याळाचं प्रमाणपत्र असलेलं घ्या. महाग पडेल, पण त्यातले पैसे भाता चिकटवणाऱ्या हातांपर्यंत पोचतील.