वाहनदुरुस्तीचा हत्यारसंच

मोटारगाडी, दुचाकी, ट्रॅक्टर इ. वाहनांचे भाग सोडविणे, जोडणे व जुळविणे यांसाठी लागणारी, एका पेटीत वा कापडी गुंडाळीत मावणारी आणि एका माणसाला उचलून नेता येणारी हातहत्यारे म्हणजे वाहनदुरुस्तीचा हत्यारसंच होय. वाहनाचे बहुतेक भाग बोल्ट, नट व स्क्रू यांनी एकमेकांस घट्ट धरलेले असतात. त्यामुळे निरनिराळ्या मापांचे पाने हा अशा संचाचा गाभा असून पेचकस, पक्कड, हातोडा, कानस इ. हत्यारे त्यांना पूरक असतात. बाजारात संचाची किंमत बहुधा नगांच्या संख्येवरून जोखली जाते. परंतु संचाची खरी उपयुक्तता त्यातील पाने आपल्या वाहनाच्या बोल्टांवर किती अचूक बसतात आणि त्यांचे पोलाद किती जोर सहन करते, यांवर अवलंबून असते. कमी खर्चात संच घेऊ इच्छिणाऱ्यास हे तत्त्व विशेष महत्त्वाचे आहे.

पान्यांचे प्रकार : सर्वांत परिचित प्रकार म्हणजे दोन्ही टोकांना उघडी तोंडे असलेला पाना. कारागीर त्याला ‘फिक्स पाना’ म्हणतात. याचे तोंड दांड्याशी बहुधा १५° कललेले असते. त्यामुळे अडचणीच्या जागी पाना उलटसुलट करून दर खेपेस ३०° फिरविला, तरी काम पुढे सरकते. मात्र उघडे तोंड षट्कोनी डोक्याच्या केवळ दोन बाजू धरते. जास्त जोर दिल्यास ते फाकते व डोक्याचे कोपरे झिजतात. रिंग पाना डोक्याला सर्व बाजूंनी वेढतो. जोर सहा कोपऱ्यांवर वाटला जात असल्याने घट्ट बसलेला बोल्ट प्रथम रिंग पान्याने सैल करणे व नंतर उघड्या पान्याने भराभर फिरविणे, ही रीत योग्य ठरते. एका टोकास रिंग व दुसऱ्या टोकास त्याच मापाचे उघडे तोंड असलेला जोडपाना या दोन्ही गोष्टी साधतो.

खोलवर बसलेल्या बोल्टांसाठी कारागिरांच्या भाषेत ‘गोटी’ म्हटले जाणारे पोकळ पाने वापरतात. गोटीच्या एका टोकास चौकोनी छिद्र असून त्यात दांडा, लांबण किंवा रॅचेट बसते. या चौकोनाची प्रचलित मापे ६·३, १०, १२·५ व २० मिमी. (अनुक्रमे पाव, तीन अष्टमांश, अर्धा व पाऊण इंच) अशी आहेत. रॅचेटमुळे हत्यार बोल्टावरून न काढता एकाच दिशेने फिरविता येते. त्यात २४ दाते असल्यास दांडा दर खेपेस किमान १५°, तर ७२ दाते असल्यास ५° फिरवावा लागतो. दाते जितके बारीक तितके ते अरुंद जागेत सोयीचे. परंतु गंजलेला बोल्ट सोडविण्याचा पहिला धक्का रॅचेटवर न देता साध्या दांड्यावर द्यावा. एकच रॅचेट व अनेक अदलाबदल करण्याजोग्या गोट्या ही कल्पना अमेरिकेत १९२० मध्ये स्थापन झालेल्या स्नॅप-ऑन कंपनीने लोकप्रिय केली आणि आजच्या पेटीबंद संचाची घडण तिच्यावरच आधारलेली आहे.

मागेपुढे सरकणाऱ्या जबड्याचा पाना सर्व मापांना चालतो, म्हणून तो स्वस्त पर्याय वाटतो. स्वीडनचे योहान पेटर योहान्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यास आजचे रूप दिले. याचा जबडा थोडा हलत असल्याने घट्ट बोल्टासाठी तो वापरू नये. नट फिरत असता बोल्टाचे डोके धरून ठेवण्यास तो उपयोगी पडतो.

मापे : पान्यावर कोरलेला मिमी. मधील आकडा बोल्टाचा व्यास नसून डोक्याच्या समोरासमोरील दोन सपाट बाजूंमधील अंतर असते. ६ मिमी. व्यासाच्या बोल्टाला सामान्यतः १० मिमी., ८ मिमी.ला १३ मिमी., १० मिमी.ला १७ मिमी. आणि १२ मिमी.ला १९ मिमी. पाना लागतो. नव्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार यांतील शेवटच्या दोन बोल्टांची डोकी १६ व १८ मिमी. असतात. जपानी पद्धतीत ८, १० व १२ मिमी. बोल्टांची डोकी लहान, म्हणजे अनुक्रमे १२, १४ व १७ मिमी. असतात.

भारतात निरनिराळ्या देशांच्या सहकार्याने वाहने तयार होऊ लागल्यामुळे ही विविधता रस्त्यावर आली. ब्रिटिश वाहनांचे आटे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या परंपरेतील होते. व्हिटवर्थ पान्यावरील आकडा बोल्टाच्या व्यासाचा असल्याने तो मिमी. पान्यांच्या शेजारी ठेवल्यास गोंधळ होतो. जुन्या बुलेट मोटारसायकलीच्या मालकांना याचा अनुभव येतो. जीप आणि १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने महिंद्र उद्योगसमूहाने सुरू केलेले ट्रॅक्टर यांत अमेरिकन इंची मापे आली. कारागीर ती ‘सुता’त सांगतात, १ सूत म्हणजे १/८ इंच. १९५६ च्या कायद्याने देशाने दशमान मापे स्वीकारली. १९७१ मध्ये पिंजोर येथे चेक सहकार्याने सुरू झालेले एचएमटी ट्रॅक्टर आणि इटालियन आराखड्यावरील स्कूटर व मोटारी दशमान मापांच्या होत्या. वेस्पा घराण्यातील स्कूटरींत ७ मिमी. आट्याचे खिळे असल्याने ११ मिमी. पाना वारंवार लागतो. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० व त्यानंतरच्या हीरो होंडा मोटारसायकली यांमुळे १२ व १४ मिमी. पाने घरोघरी गेले.

जवळजवळ सारखी दिसणारी मापे घातक ठरतात. अर्धा इंच म्हणजे १२·७ मिमी.; त्या डोक्यावर १३ मिमी. पाना बसतो, पण ०·३ मिमी. ढिला राहतो. मग जोर सपाट बाजूवर न पडता कोपऱ्यावर पडतो व डोके गोल होते. याउलट पाऊण इंच (१९·०५ मिमी.) व १९ मिमी. यांतील फरक व्यवहारात नगण्य आहे. म्हणून जुना ट्रॅक्टर असल्यास संपूर्ण इंची संच घेण्याऐवजी न जुळणारी मापे तेवढी सुटी घेणे काटकसरीचे होते.

पोलाद व पारख : चांगले पाने क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे, साच्यात घडाई करून बनविलेले असतात. त्यांना उष्णतासंस्करण करून, म्हणजे लोहाराच्या भाषेत ‘पाणी देऊन’, कठीणपणा व चिवटपणा आणलेला असतो. कठीणपणा कमी असल्यास तोंड फाकते. चिवटपणा कमी असल्यास हत्यार अचानक तुटते व हाताला इजा होते. वरील निकेल-क्रोमचा चकचकीत मुलामा केवळ गंजरोधक असून आतील पोलादाची ग्वाही देत नाही. खरेदीच्या वेळी तोंडाच्या आतील बाजू समांतर व खरवडण्याच्या खुणांपासून मुक्त आहेत का, दोन्ही तोंडांवर माप व उत्पादकाचे नाव ठसठशीत कोरले आहे का आणि रॅचेट दोन्ही दिशांनी न अडखळता चालते का, हे पाहावे. एखादा नवा बोल्ट सोबत नेऊन त्यावर पाना बसवून पाहणे ही सर्वांत सोपी कसोटी आहे. दोन तोंडी उघड्या पान्यांसाठी भा. मा. २०२८ व रिंग पान्यांसाठी भा. मा. २०२९ ही भारतीय मानके आहेत. हातहत्यारांचे देशातील मोठे केंद्र पंजाबात जालंदर येथे असून महाराष्ट्रात नासिक येथेही ती तयार होतात.

संचाची निवड : खरेदीपूर्वी वाहनाची माहितीपुस्तिका पाहून किंवा ओळखीच्या कारागिराकडून आपल्या वाहनाच्या बोल्टांची मापे लिहून घ्यावीत. संचातील किती नग या यादीत बसतात ते मोजून किंमतीला त्या संख्येने भागावे. शंभराहून अधिक नगांच्या स्वस्त पेटीत बरेचदा पेचकसाची लहान टोकेच मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे अशा भागाकारात ती महाग ठरण्याचा संभव असतो. सर्वत्र मिळणारा ४६ नगांचा छोटा संच हे याचे बोलके उदाहरण होय. त्यातील गोट्या सामान्यतः ४ ते १४ मिमी. मापाच्या व ६·३ मिमी. चौकोनाच्या असतात. दुचाकीचे आवरण, बॅटरीची टोके इ. कामांना तो उत्तम. परंतु मोटारीच्या चाकाचे नट त्याने सोडवू नयेत. हे नट बहुधा १७, १९ वा २१ मिमी. असून त्यांना सु. १०० न्यूटन-मीटर परिबल लागते. एवढ्या जोराने लहान रॅचेटचे दाते तुटतात.

मर्यादित खर्चाचा पहिला संच पुढीलप्रमाणे असावा : ८ ते १९ मिमी. जोडपाने किंवा त्याच मापांचे उघडे व रिंग पाने, १२·५ मिमी. चौकोनाच्या १० ते २१ मिमी. गोट्या, एक लांबण, साधा दांडा व रॅचेट. एक सपाट व दोन फुली टोकांचे पेचकस. एक साधी व एक लांब नाकाची पक्कड. ४, ५, ६, ८ व १० मिमी. षट्कोनी ॲलन चाव्या, पेट्रोल वाहन असल्यास स्पार्क प्लगचा पाना (१४ मिमी. आट्याच्या जुन्या प्लगांस सु. २१ मिमी., अनेक नव्या प्लगांस १६ मिमी.), अर्धा किग्रॅ.चा हातोडा, हवेचा दाबमापक व विजेरी. पुढे गरज पडेल तसे एकेक हत्यार जोडावे. सुट्या खरेदीत प्रत्येक नगाची पारख होते व खर्चही विभागला जातो. वापरलेली, पण नामांकित बनावटीची हत्यारे तोंड न फाकलेली असल्यास नव्या हलक्या हत्यारांहून श्रेयस्कर ठरतात.

ग्रामीण परिसरातील गरज : पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. नीरा डाव्या कालव्याखालील बागायती पट्ट्यात ऊस व सहकारी साखर कारखाने आहेत, तर बारामतीच्या पश्चिमेकडील लोणी भापकर, मोरगाव, सुपे हा भाग अवर्षणप्रवण आहे. येथील वाहनांत वर सांगितलेली मापांची सारी सरमिसळ आढळते. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविणारे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली होती. तिच्या सुरुवातीच्या अमेरिकन मोटारी इंची मापांच्या व नंतरच्या फियाट दशमान मापांच्या होत्या. बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रात आज पिआज्जो कंपनी तीनचाकी वाहने व वेस्पा स्कूटर बनविते.

लोणी भापकरसारख्या गावात एकाच शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर व मोटारसायकल असणे सामान्य आहे. सुटा भाग आणण्यास बारामतीस जावे लागते आणि बिघाड बहुधा शेतात किंवा रस्त्यात होतो. गळीत हंगामात उसाने भरलेली ट्रॉली अडली, तर वाहतूकदाराची खेप बुडते व तोडलेला ऊस वाळून त्याचे वजन घटते. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर अडला, तर वस्तीचे पाणी थांबते. अशा वेळी डोके गोल झालेला एक बोल्ट संचाच्या किंमतीहून अधिक नुकसान करतो. म्हणून येथे दोन भागांचा संच सोयीचा ठरतो : मोटारसायकलीच्या डिकीत मावणारी ८ ते १७ मिमी. पान्यांची कापडी गुंडाळी आणि ट्रॅक्टरवर राहणारी, २४ मिमी. व त्याहून मोठे पाने, लांब दांडा, ग्रीसपंप व हातोडा असलेली लोखंडी पेटी. ट्रॅक्टरच्या मागील चाकांसाठी २० मिमी. चौकोनाच्या गोट्या लागतात. त्या महाग असल्याने दोन-चार शेतकऱ्यांनी सामाईक घेणे परवडते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडून स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटणाऱ्या तरुणासही मोठ्या पेटीपेक्षा अशी टप्प्याटप्प्याने वाढणारी जुळणी अधिक हिताची असते.

वापर व निगा : पान्याची लांबी त्याच्या मापाच्या प्रमाणात ठेवलेली असते. सु. १३ सेंमी. लांबीच्या १० मिमी. पान्यावर ८ किग्रॅ. इतका जोर दिला, की ६ मिमी. बोल्टास पुरेसे सु. १० न्यूटन-मीटर परिबल मिळते. पान्याला नळी जोडून लांबी वाढविल्यास बोल्ट तुटतो वा आटा जातो. चाकाच्या नटासाठी मात्र ४० सेंमी. दांडा व २५ किग्रॅ. जोर योग्य होय. पाना शक्यतो स्वतःकडे ओढावा. ढकलताना तो निसटल्यास बोटांची हाडे दुखावतात. गंजलेल्या बोल्टावर भेदक तेल टाकून काही वेळ थांबावे. केवळ जॅकवर उचललेल्या वाहनाखाली कधीही जाऊ नये. पक्का आधार लावून विरुद्ध चाकास अडण द्यावी. विद्युत् भागांवर काम करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे. काम झाल्यावर हत्यारे पुसून तेलाचा हलका हात द्यावा व प्रत्येक हत्यार ठरलेल्या जागी ठेवावे. रिकामी जागा दिसताच एंजिनाजवळ विसरलेला पाना लक्षात येतो.

मर्यादा : अलीकडील वाहनांत, विशेषतः एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानक लागू झाल्यानंतरच्या वाहनांत, इंधनपुरवठा व प्रज्वलन यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. त्यातील दोष शोधण्यास संकेतवाचक यंत्र लागते. विद्युत् वाहनांतील नारिंगी आवरणाच्या तारांत उच्च विद्युत् दाब असल्याने त्यांना प्रशिक्षित व्यक्तीनेच हात लावावा. तथापि चाके, गतिरोधक, साखळी, बॅटरी, गाळण्या व सैल झालेले सांधे यांची कामे सर्व वाहनांत अद्याप पान्यानेच होतात आणि मार्गात उद्‌भवणाऱ्या अडचणींपैकी पुष्कळशा याच स्वरूपाच्या असतात.