यादीतला परतीचा प्रवास

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत बसले, की कासू, नागोठणे, निडी आणि शेवटी रोहा अशी स्थानके क्रमाने येतात. परतताना हीच नावे उलट क्रमाने लागतात. नेहमीच्या प्रवाशाला यात काहीच नवल वाटत नाही. संगणकाला मात्र हा परतीचा प्रवास वेगळा शिकवावा लागतो आणि नवशिक्या प्रोग्रॅमरला पहिली ठेच अनेकदा इथेच लागते.

संगणकाच्या स्मृतीत यादी ठेवण्याची एक पद्धत 'लिंक्ड लिस्ट' या नावाने ओळखली जाते. अ‍ॅलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी १९५५-५६च्या सुमारास अमेरिकेत ती विकसित केली. या पद्धतीत प्रत्येक नावासोबत पुढच्या नावाचा पत्ता नोंदलेला असतो. पेणपाशी कासूचा, कासूपाशी नागोठण्याचा. पण पत्ता फक्त पुढचाच असेल, तर निडीला उभे राहून 'मागचे स्थानक कोणते?' या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी पुन्हा पेणपासून सुरुवात करावी लागते. पाच नावांच्या यादीत हे खपून जाते, पाच लाख नावांच्या यादीत नाही. म्हणूनच 'डबली लिंक्ड लिस्ट' वापरतात. तीत प्रत्येक नावापाशी पुढचा आणि मागचा असे दोन पत्ते असतात.

या सोयीबरोबर जबाबदारीही येते. एकेकाळी रोहा हे या मार्गाचे अखेरचे स्थानक होते. म्हणजे त्याचा पुढचा पत्ता रिकामा होता. १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला आणि रोह्यापुढे कोलाड आले. आपल्या यादीत हा बदल करायचा तर दोन नोंदी हव्यात: रोह्यापाशी 'पुढे कोलाड' आणि कोलाडपाशी 'मागे रोहा'. दुसरी नोंद विसरली, तर जाताना सारे सुरळीत दिसते; परतताना मात्र यादी कोलाडलाच संपते.

दुसरा चकवा खुणेचा. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या जावाच्या १.२ आवृत्तीत यादीत दोन्ही दिशांना फिरण्यासाठी 'लिस्ट आयटरेटर' ही सोय मिळाली. तिची खूण कोणत्याही नावावर नसते, ती दोन नावांच्या मधे असते. 'नेक्स्ट' म्हटले, की खूण पुढचे नाव ओलांडते आणि ते नाव आपल्याला देते. नागोठणे मिळाले, तेव्हा खूण नागोठणे आणि निडी यांच्या मधे पोहोचलेली असते. तिथून 'प्रीव्हियस' म्हटले, तर आधी कासू येत नाही, पुन्हा नागोठणेच येते.

समजा, डब्यातील उद्‍घोषणेसाठी कोणी असा प्रोग्रॅम लिहिला आणि गाडी काही कारणाने नागोठण्याहूनच पेणकडे परत फिरली. गाडी सुटताच 'पुढील स्थानक नागोठणे' अशी घोषणा होईल. कासू सोडल्यावर 'पुढील स्थानक कासू' ऐकू येईल. चूक एकाच पावलाची, पण ती दुरुस्त होईपर्यंत सोबत चालते. पावसाळी रात्री घोषणेच्या भरवशावर बसलेला प्रवासी पेण आले तरी जागेवरून उठणार नाही.

उपाय सोपा आहे. आपण कोणत्या दिशेने जात होतो, हे प्रोग्रॅमने लक्षात ठेवावे आणि दिशा बदलताच हाती येणारे पहिले नाव सोडून द्यावे. तसेच पाऊल टाकण्यापूर्वी पुढे किंवा मागे काही शिल्लक आहे का, हे 'हॅजनेक्स्ट' आणि 'हॅजप्रीव्हियस' यांच्या मदतीने विचारून घ्यावे. न विचारता शेवटच्या नावापुढे गेल्यास प्रोग्रॅम त्रुटी दाखवून थांबतो.

यातील बहुतेक चुका फक्त पुढे जाऊन तपासल्यास दिसत नाहीत. म्हणून प्रोग्रॅम लिहून झाला, की त्याला पेणहून रोह्याला पाठवावे, रोह्याहून पेणला आणावे आणि एकदा तरी मधूनच, नागोठण्याहून, परत फिरवून पाहावे.