गोळीत जीवनसत्त्व कणभर, मग बाकीचं काय? सप्लिमेंटमधल्या ‘भरी’चा हिशेब समजून घ्या

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर (प्रतिनिधी) : आमच्या कॉलनीतल्या एका मावशींनी परवा बी-12 च्या गोळ्यांची डबी हातात ठेवली आणि विचारलं, “अरे, हे मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, मॅग्नेशियम स्टिअरेट, टाल्क... आम्ही व्हिटॅमिनचे पैसे देतो की पावडरचे?” मावशींचा प्रश्न रास्त आहे. हल्ली घराघरांत डी-3, बी-12, कॅल्शियम, प्रोटीन पावडरचे डबे दिसतात. त्यावरच्या बारीक अक्षरांतली नावं वाचून कुणी घाबरतं, तर कुणी वाचतच नाही. म्हणून हा हिशेब सोप्या भाषेत.

भर का घालावी लागते?

बी-12 च्या गोळीवर 1500 मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं. आकडा मोठा वाटतो, पण तो होतो फक्त दीड मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याचं वजन साधारण 20 मिलिग्रॅम धरलं, तर ही मात्रा दाण्याच्या दहाव्या भागाएवढीही नाही. आठवड्यातून एकदा घेतात ती डी-3 ची 60,000 युनिटची मात्राही तेवढीच, दीड मिलिग्रॅम. एवढा कण चिमटीत धरता येणार नाही आणि मोजून तोंडात टाकताही येणार नाही. त्याला हाताळण्याजोगा आकार द्यायला जी पावडर घालतात ती म्हणजे भर.

यात नुसतं आकारमान वाढवणं नसतं. दीड मिलिग्रॅमचा कण प्रत्येक गोळीत सारखाच गेला पाहिजे. त्यासाठी तो आधी थोड्या भरीत कालवतात, मग आणखी थोडी भर घालतात, असं टप्प्याटप्प्याने मिसळतात. मिश्रण नीट झालं नाही तर एका गोळीत काहीच नाही आणि दुसरीत दुप्पट. डी जीवनसत्त्व अंगात साठून राहतं, त्यामुळे त्याची जादा मात्रा सतत गेली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे भर ही इथे फसवणूक नाही, मोजमापाचं साधन आहे.

उलट कॅल्शियमची गोळी मोठी असते ती भरीमुळे नाही. 500 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळायला 1250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लागतं, कारण कार्बोनेटमध्ये कॅल्शियम 40 टक्केच असतं.

कोण काय काम करतं?

स्वयंपाकघरातली उदाहरणं घेतली की पटकन कळतं.

लाडू वळायला पाक किंवा तूप लागतं, तसं गोळी बांधून ठेवायला स्टार्च किंवा सेल्युलोज लागतं. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून शुद्ध केलेला तंतू. भाजीतल्या चोथ्यासारखा तो न पचता बाहेर पडतो.

मोदकाच्या साच्याला तुपाचा हात लावला नाही तर मोदक सुटत नाही. गोळ्यांच्या मशिनच्या साच्यासाठी हे काम मॅग्नेशियम स्टिअरेट करतं. ते बनतं मॅग्नेशियम आणि स्टिअरिक आम्लापासून, आणि हे आम्ल आपल्या साजूक तुपातही असतं. 500 मिलिग्रॅमच्या गोळीत ते बहुधा पाचेक मिलिग्रॅम असतं.

पावसाळ्यात मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे टाकतात, तसं पावडरचे गोळे होऊ नयेत म्हणून सिलिकॉन डायऑक्साइड घालतात. क्रॉसकार्मेलोज नावाचा घटक पोटात पाणी शोषून फुगतो आणि गोळी फोडतो. असा घटक नसेल तर गोळी नीट न फुटताच बाहेर पडू शकते.

मग काळजी कुणी घ्यायची?

ही द्रव्यं ठरलेल्या प्रमाणात बहुतेकांना अपाय करत नाहीत. पण ‘बहुतेकांना’ म्हणजे ‘सगळ्यांना’ नव्हे.

ज्यांना दूध पचत नाही ते लॅक्टोज शब्द पाहून दचकतात. गोळीत लॅक्टोज असतं शे-दोनशे मिलिग्रॅम, आणि एक पेला दुधात नऊ-दहा ग्रॅम. त्यामुळे एखाद्या गोळीनं बहुतेकांना त्रास होत नाही, पण दिवसाला पाच-सात गोळ्या असतील तर डॉक्टरांना सांगावं. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक आजार असणाऱ्यांनी स्टार्च मक्याचा की गव्हाचा हे बघावंच.

मधुमेहींनी पावडरच्या डब्याकडे जास्त लक्ष द्यावं. त्यात माल्टोडेक्स्ट्रिन असलं तर ते चवीला फारसं गोड नसूनही रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. खरी पैशांची मेखही पावडरमध्येच आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते. प्रोटीन पावडरच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा साखर पहिल्या-दुसऱ्या नंबरावर असेल, तर तुम्ही प्रोटीनच्या भावाने पिठूळ साखर घेताय. डब्याची किंमत भागिले डब्यातले एकूण प्रोटीनचे ग्रॅम, एवढं गणित दुकानातच करा.

शाकाहारी मंडळींसाठी : कॅप्सूलचं टरफल बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेलं असतं. सप्लिमेंट कायद्याने अन्नात मोडतं, म्हणून डबीवर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो. औषधाच्या पाकिटावर तो मिळणार नाही.

टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगाबद्दल (क्रमांक 171) मात्र जगात एकमत नाही. युरोपीय संघाने 2022 मध्ये त्याला अन्नातून हद्दपार केलं, औषधांत मात्र राहू दिलं. अमेरिकेत अन्नात एक टक्क्यापर्यंत चालतं. त्याचं काम मुख्यतः दिसण्याचं आहे. त्याच्याशिवायची गोळी मिळत असेल तर ती घ्यावी, एवढंच.

धोका नावात नाही, शुद्धतेत आहे

‘निष्क्रिय’ म्हणजे ‘बिनधोक’ असं समजायचं का? इथे दोन घटना आठवाव्या लागतात.

1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तिथे ग्लिसरिन औषध म्हणूनच दिलं होतं, पण हेच ग्लिसरिन असंख्य सिरपांमध्ये ‘निष्क्रिय’ घटक म्हणून जातं.

दुसरी घटना आपल्याच राज्यातली, नागपूरच्या सीमेला लागून असलेल्या छिंदवाड्याची. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परासिया भागातली वीसहून अधिक लहान मुलं कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधानं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला नेलं होतं. तमिळनाडूच्या तपासणीत त्या सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलिन ग्लायकॉल निघालं. चालतं ते फार तर 0.1 टक्का. औषधाचा मूळ घटक नव्हे, तो ज्यात विरघळवला ते द्रावण घातक निघालं.

ही दोन्ही औषधं होती, सप्लिमेंट नव्हेत. पण धडा तोच आहे. लेबलवर छापलेल्या सेल्युलोजला भिण्यात अर्थ नाही. भीती आहे ती न तपासता आलेल्या कच्च्या मालाची, जो लेबलवर कधीच छापला जात नाही.

डबी घेताना एवढं बघा

• एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता. नुसतं ‘मार्केटेड बाय’ पुरेसं नाही.
• बॅच नंबर आणि मुदत. तक्रार करायची वेळ आली तर बॅच नंबरच कामी येतो.
• घटकांची संपूर्ण यादी. घटकांची मात्रा न देता ‘खास मिश्रण’ लिहिलेलं असेल तर सोडून द्या.
• हे औषध नाही, अशी सूचना. सप्लिमेंटवर ती छापावी लागते. जो डबा मधुमेह ‘मुळापासून’ बरा करायचं सांगतो, तो तिथेच ठेवा.
• पातळ औषध किंवा टॉनिक लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. देताना बाटलीचा फोटो काढून ठेवा.
• बिल घ्या. दुकानदार ओळखीचा असला तरी घ्या.

शंका असेल तर जिल्ह्याच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे किंवा एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तक्रार करता येते. तुम्ही मध्य प्रदेशात असा, महाराष्ट्रात की कर्नाटकात, सप्लिमेंटचा कायदा सगळीकडे एकच आहे.

मावशींच्या डबीचं म्हणाल तर यादीत वावगं काही नव्हतं. मी तसं सांगितलं, तर त्यांनी डबी उलटी करून दाखवली. मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली होती.